डाव्या गुडघ्याची साक्ष

कातरवाडीच्या कन्या विद्यालयातल्या खो-खोच्या पोरींनी सरकारी यंत्राचं बारसं नव्यानं केलं होतं. खोक्यावर छापलेलं नाव होतं ‘सांधारक्षक पट्टी’. पोरी तिला सासू म्हणायच्या. कारण उघड होतं. पट्टी गुडघ्याला धरून बसायची, बसल्या जागेवरून चुका काढायची आणि चांगलं काही केलं तर गप्प राहायची. "आज सासू काय म्हणतेय?" असं सकाळी मैदानावर एकमेकींना विचारलं जाई. हिरवा दिवा म्हणजे सासू खूश. पिवळा म्हणजे तोंड वाकडं. आणि लाल लागला की पोरगी मैदानाबाहेर, मग कुणाच्या बापाची ओळख मंत्र्यापर्यंत असली तरी उपयोग नाही.

शरयू वाघमोडेची सासू कायम खूश असे. नववीतली ही पोरगी पळायला लागली की मागच्या मुली नुसत्या हात मारत राहायच्या. डाव्या पायावर झोक देऊन ती अशी हुलकावणी द्यायची की पाठलाग करणारी सरळ पुढं जायची आणि शरयू उलट्या बाजूला हसत उभी. तिची आई एसटीत कंडक्टर. आई म्हणायची, "माझी बस उशिरा येईल, पण ही पोरगी कधी उशिरा यायची नाही." बोलण्यात तक्रारीचा सूर असे आणि डोळ्यांत कौतुक.

पट्टीचं शास्त्र पोरींना समजावून दिलं होतं नसीम मुलाणी मॅडमनी. मॅडम शाळेत खेळ शिकवायच्या आणि अवघड गोष्टी सोप्या करून सांगायची त्यांना हौस होती. त्यांनी पहिल्या दिवशी वर्गात एक जुनी सुती दोरी आणली, दोन पोरींना दोन टोकांना ओढायला लावली आणि म्हणाल्या, "ऐका नुसतं." दोरी ताणली गेली, मधेच एक बारीक धागा तटकन तुटला, मग दुसरा. दोरी मात्र तशीच होती.

"गुडघ्याच्या आत अशीच एक दोरी असते," मॅडम म्हणाल्या. "लिगामेंट म्हणतात तिला. मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून ती धरून ठेवते. तुम्ही उडी मारून उतरता, गर्रकन वळता, तेव्हा मांडीच्या मागच्या स्नायूनं पाय टेकायच्या आधी आवळून घ्यायला हवं. तो डोळ्याचं पातं लवण्याइतका जरी उशिरा जागा झाला, तरी सगळा भार दोरीवर पडतो. मुलींचे गुडघे उतरताना आत झुकतात, म्हणून तुमच्यावर तो जास्त पडतो. दोरी एका दिवसात तुटत नाही. महिनोन्‌महिने एकेक धागा जातो. प्रत्येक धागा तुटताना टिचकी वाजते. आपल्या कानाला ती ऐकू येत नाही. पट्टीतल्या तारांना येते."

म्हणजे पट्टी दोन कामं करायची. तुटणाऱ्या धाग्यांच्या टिचक्या मोजायची आणि स्नायू वेळेवर जागा होतो का ते पाहायची. त्यावरून ती अंदाज बांधायची की हा गुडघा अजून किती वळणं सोसेल. ती आल्यापासून जिल्ह्यात गुडघ्याची ऑपरेशनं निम्म्यानं घटली होती. पूर्वी पोरगी मैदानात कोसळायची, मग वर्षभर कुबड्या, मग खेळ सुटलाच. आता धागे तुटायला लागले की आधीच थांबवता येत होतं.

पण थांबायचं म्हणजे न दुखताच थांबायचं, आणि खरी पंचाईत तिथंच होती. पूर्वी दुखलं की पोरगी आपणहून बसायची. आता अंगात घोडा उधळतोय, पाय तुरुतुरु पळतोय आणि दिवा म्हणतो बस. कुणाला पटणार ते? आईबाप मोबाइलवर पोरीच्या गुडघ्याचा रंग बघायला लागले. मागच्या वर्षी संघातल्या एका मुलीच्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या मंडळींनी पत्रिकेबरोबर गुडघ्याचा रंगही विचारला म्हणे. गावात त्यावर आठवडाभर हसणं चाललं होतं, आणि नंतर दोन घरांनी तेच विचारलं.

खरेदी सरकारी, त्यामुळं एका मुलीला एकच पट्टी. ज्या पायावर भार देऊन मुलगी खांबावर वळते, त्या पायाला ती बांधायची. बहुतेकींचा तो पाय उजवा. शरयूचाही उजवा. संघाची कप्तान ईश्वरी बिचकुले डावखुरी, तिची पट्टी तेवढी डावी.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या मुली रांगेत बसतात ना, त्या एक या बाजूला तोंड करून, शेजारची उलट बाजूला. शरयू आणि ईश्वरी पाचवीपासून शेजारच्या चौकोनात बसत आल्या होत्या. एकीला जे दिसत नाही ते दुसरीला दिसतं, म्हणून शेजारणीनं सांगायचं आणि हिनं डोळे मिटून मानायचं, अशी मॅडमची शिकवण. या शाळेत अशा शेजारणीला पाठीवाली म्हणत. पाठीवालीनं काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, असा पोरींचा आपापला कायदा होता. मैदानापुरता तो फार चांगला होता.

सांगलीच्या निवड चाचणीला आठवडा राहिला आणि ईश्वरीचा दिवा पिवळा झाला. या आठवड्यात दिवा हिरवा नसेल तर नावच पुढं जात नव्हतं. राज्याच्या संघात निवड झाली तर क्रीडा वसतिगृहात राहायला मिळणार होतं, बारावीपर्यंतचं शिक्षण तिथंच. दोघींनी तिथल्या खोलीत कुणाचा पलंग खिडकीकडं, हेसुद्धा भांडून ठरवून ठेवलं होतं.

"शरे, एक काम करशील?" ईश्वरीनं पाण्याच्या टाकीमागं तिला गाठलं. हातात स्वतःची पट्टी. "आज सरावाला ही तू घाल. डाव्या पायाला. तुझे गुडघे लोखंडी आहेत. दोन दिवस हिरवा दिसला की बास. मला काही होत नाहीये गं, नुसतं सासूचं तोंड वाकडं झालंय."

"मॅडमना कळलं तर?"

"सासूला पाय कळतो, माणूस कुठं कळतो?"

शरयूनं पट्टी घेतली. पाठीवालीनं मागितलं होतं. वर लांब मोजे ओढले, दोन्ही गुडघे झाकले गेले. ईश्वरीनं आपल्या डाव्या गुडघ्याला साधी कापडी पट्टी बांधली.

सराव नेहमीसारखा सुरू झाला. आधी उड्या. उतरताना पाऊल वाजता कामा नये, मांजर उतरल्यासारखं उतरायचं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. मग एका पायावरच्या बैठका. मग खेळ. शरयू पळायला उतरली, दोघींना चकवलं, तिसरीला डाव्या पायावर झोक देऊन हुलकावणी दिली, आणि डाव्या गुडघ्यावर पट्टी थरथरली. एकदा, मग लगोलग दुसऱ्यांदा. मोज्याच्या विणीतून लाल उजेड दिसला. शरयूला वाटलं काहीतरी चावलं. दुखलं मात्र अजिबात नाही.

मैदानाच्या कडेला मॅडमनी मोबाइल बघितला आणि शिटी वाजवली. "ईश्वरी, बाहेर ये. बस खाली."

ईश्वरीनं शरयूकडं बघितलं. शरयूनं तिच्याकडं. दोघींनाही कळलं होतं की लाल दिवा कुणाच्या पायावर लागलाय. ईश्वरी काहीतरी बोलेल म्हणून शरयू वाट बघत उभी राहिली. ईश्वरी बोलली नाही. ती लंगडतसुद्धा नव्हती, तशीच चालत गेली आणि मॅडमसमोर बसली.

"दुखतंय?" मॅडमनी विचारलं. यंत्र आलं तरी हा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता.

"नाही मॅडम."

"नाहीच दुखणार बाळा. दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल. सांगलीला तुला नाही नेता येणार." मॅडमचा आवाज जड झाला होता. मग त्या वळल्या. "शरयू, कप्तान आता तू."

घरी जाताना दोघी सायकली हातात धरून चालत होत्या.

"पट्टी बिघडली असेल," ईश्वरी म्हणाली. "आधी माझा पिवळा होता, तेच तिच्या डोक्यात बसलं असेल. आणि हे बघ, आता खरं सांगितलं तर दोघीही घरी बसू. मी तर बसलेच आहे. तू तरी जा."

"आणि तू?"

"मी पुढच्या वर्षी. जा तू. मनापासून सांगते."

ती खरंच मनापासून सांगत होती, आणि शरयूला ते ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं याची तिला लाजही वाटली. कप्तान, सांगली, वसतिगृह, सगळं तिच्या हातात येऊन पडलं होतं आणि त्यासाठी तिनं काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी मैदानावर गेली. ईश्वरीकडून पट्टी मागून घेतली होतीच. डाव्या पायाला बांधून चार उड्या मारल्या. लाल. तीच पट्टी काढून उजव्या पायाला बांधली, उड्या मारल्या. हिरवा. पुन्हा डाव्याला. लाल. पट्टीच्या डोक्यात काही बसलेलं नव्हतं. खेळताना ती खांबावर उजव्या पायावर वळायची, म्हणून उजव्याची वर्षानुवर्षं निगा राखली गेली. पण हुलकावण्या सगळ्या डाव्यावर. तो पाय कुणी मोजलाच नव्हता. शरयूनं गुडघा दोन्ही हातांनी दाबून बघितला. आतून काही सांगेना. आपलाच पाय आपल्याशी खोटं बोलतोय, असं तिला पहिल्यांदा वाटलं आणि ती फार घाबरली.

मग तिनं स्वतःची समजूत काढली. चाचणी संपेपर्यंत सांभाळून खेळू, हुलकावण्या कमी देऊ, नंतर सांगू. असं ठरवून ती व्यायामशाळेकडं निघाली.

व्यायामशाळेच्या ओट्यावर ईश्वरी पाय लांब करून बसली होती आणि मुलाणी मॅडम खाली फरशीवर बसून तिच्या गुडघ्याला बर्फ लावत होत्या. मॅडम सकाळी घरून निघताना थर्मासात बर्फ भरून घेऊन आल्या होत्या. बर्फ लावून झाला, टॉवेलनं टिपलं, मग मांडीखाली उशी सरकवून त्या एकेक व्यायाम करून घ्यायला लागल्या. "टाच दाब. हां. सोड. घाबरू नकोस, मी तुला तुटू देणार नाही. दोन महिन्यांत तू आधीपेक्षा चांगली पळशील, बघ माझं ऐकून." ईश्वरी मान खाली घालून टाच दाबत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मॅडमना वाटत होतं की चाचणी चुकली म्हणून ती रडतेय.

इतकी माया चुकीच्या गुडघ्यावर चालली होती. ज्या गुडघ्याला ती हवी होती तो दारात उभा होता, आणि मॅडमना त्याचा पत्ता नव्हता. शरयूच्या मनातलं सगळं शहाणपण एका क्षणात गळून पडलं.

"मॅडम, तो गुडघा तिचा नाही," ती म्हणाली. आपण काहीतरी वेड्यासारखं बोललो हे तिच्या लक्षात आलं. "म्हणजे गुडघा तिचाच आहे. लाल माझा आहे."

मग तिनं टाकीमागच्या गोष्टीपासून सगळं सांगितलं. मॅडम फरशीवरच बसून राहिल्या. मांडीवरच्या ओल्या टॉवेलचं पाणी त्यांच्या पदरात झिरपत होतं.

"ईश्वरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला काल माहीत होतं? लाल हिचा आहे म्हणून?"

"हो मॅडम. मला वाटलं, मी गप्प राहिले तर शरीला तरी जागा मिळेल."

"जागा नव्हतीस देत तू तिला. ऑपरेशनचं टेबल देत होतीस."

ईश्वरीचा चेहरा पांढरा पडला. तिनं हे डोक्यात आणलंच नव्हतं. आपण त्याग करतोय एवढंच तिला दिसत होतं. ती उठली, शरयूजवळ आली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली.

मॅडमना राग आला होता. तो त्यांनी दुपारी काढला, दोघींना समोर उभं करून, चांगला खरपूस. पण त्या घटकेला त्यांनी शरयूला ओट्यावर बसवलं आणि तिचा डावा गुडघा दोन्ही हातांत धरला. "सांगितलंस, फार बरं केलंस," त्या म्हणाल्या. "नसतं सांगितलं तर मी तुला माझ्या हातानं सांगलीच्या मैदानावर सोडलं असतं. जन्मभर झोप लागली नसती मला."

मिरजेच्या डॉक्टर दमयंती केंद्रेंनी गुडघ्याची प्रतिमा टेबलावर उभी केली. हवेत तरंगणारा, शरयूच्याच गुडघ्याएवढा गुडघा. आत ती दोरी, आणि तिच्या मधोमध पिसकटलेले धागे. शरयूची आई रजा टाकून आली होती. ती खुर्चीच्या कडेवर बसून त्या धाग्यांकडं बघत राहिली.

"चालताना कळलं नसतं, जिना चढताना कळलं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "जोरात दिलेल्या एखाद्या हुलकावणीला ही दोरी गेली असती. मग कापाकापी आली, आणि इतक्या लहान वयात ती करायची म्हणजे वाढणाऱ्या हाडाचीही काळजी. आत्ता तसलं काही लागणार नाही."

उपचारही त्यांनी समजावून दिला. बारीक ध्वनिलहरी गुडघ्यावर सोडल्या की आतल्या पेशी नवे धागे विणायला लागतात. पण नुसतं पडून राहिलं तर ते धागे गुंता होऊन भरतात. रोज बेतानं, योग्य दिशेनं भार दिला तर ते त्या दिशेत सरळ भरतात. "म्हणजे लहरी माझ्या, विणकाम तुझं. मांडीच्या मागच्या स्नायूला वेळेवर उठायची सवय लागेपर्यंत सोडायचं नाही."

मॅडमनी जिल्ह्याला सगळं कळवलं, काही लपवलं नाही. दोघींना त्या वर्षीच्या चाचणीतून बाद केलं गेलं. संघ त्यांच्याशिवाय सांगलीला गेला आणि कुणाचीच निवड झाली नाही. हळहळ झाली, थोडी कुजबुजही झाली. मॅडमनी मात्र एक गोष्ट लावून धरली. खांबावरचं वळण तेवढं मोजायचं आणि हुलकावणी मोजायची नाही, हा कुठला न्याय? वर्ष सरता सरता जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलीला दुसऱ्या पायाचीही पट्टी मिळाली.

मिरजेहून आल्या दिवशीच शरयूची आई ईश्वरीच्या घरी गेली होती. तिला मोटरसायकलवरून उतरताना बघून ईश्वरीच्या आईनं ओळखलं की आता भांडण होणार, आणि तिनं पदर खोचून तयारी ठेवली. पण शरयूची आई सरळ आत गेली, कोपऱ्यात बसलेल्या ईश्वरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

"माझ्या पोरीचा पाय तुझ्यामुळं राहिला गं बाई. तुझी पट्टी तिच्या पायाला लागली नसती तर कुणाला कळणार होतं?"

"काकू, मी लबाडी केली हो," ईश्वरी रडत म्हणाली. "आणि वर गप्प बसले."

"ते केलंसच. त्याचं तुझ्या मॅडम बघतील. मी आई आहे, मी पायाचं बघायला आलेय."

मग चहा झाला. दोन्ही आया एकमेकींच्या पोरींना भरपूर नावं ठेवून हलक्या झाल्या.

दोघींना बरं व्हायला ठरल्यापेक्षा थोडा जास्तच काळ गेला. ईश्वरीचा पिवळा दिवाही खोटा नव्हता. गुडघ्यातली जुनी मुरगळ पुरती भरलेली नव्हती, तिलाही व्यायाम होतेच. दोघी रोज व्यायामशाळेच्या फरशीवर शेजारी शेजारी पडून टाचा दाबायच्या आणि एकमेकींच्या चुका काढायच्या. शरयूला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं की पाय आहे, आपलाच आहे, धड आहे. तिला देवाचे, डॉक्टरांचे, मॅडमचे, त्या खवट पट्टीचेसुद्धा उपकार वाटायचे. पाठीवालीचे तर वाटायचेच, आणि ते तिला कधी धडपणे बोलता आलं नव्हतं.

शेवटी दोन्ही गुडघ्यांवर हिरवा दिवा घेऊन ती मैदानात उतरली, आणि तिथंच अडली. पाय तयार होता, तिचं मन तयार होईना. न दुखता तुटायला आला होता तो पाय. आता दुखत नाही याचा काय भरवसा? चौकोनात बसलेली असताना ती सारखी गुडघ्यावरच्या दिव्याकडं बघत होती. दोन वेळा खो मिळाला आणि दोन्ही वेळा ती खांबापर्यंत जाऊन पाय आखडता घेऊन थांबली. पळणारी मुलगी आरामात निसटली. मॅडम कडेला उभ्या राहून बघत होत्या.

तिसऱ्यांदा पाठीवर थाप पडली. ईश्वरीची थाप, ती लगेच ओळखू आली. "खो. पलीकडून येतेय, डाव्यानं घे. मी बघतेय."

शरयू उठली. पलीकडचं तिला दिसत नव्हतं. तिनं दिव्याकडंही बघितलं नाही. ईश्वरीनं सांगितलं तसं खांबाला हात घातला, सगळा भार डाव्या पायावर दिला आणि वळली. पाऊल अजिबात वाजलं नाही. गुडघ्यानं भार घेतला, धरला आणि तिला पुढं सोडलं.

ती पलीकडच्या बाजूला उभी होती, दोन्ही पायांवर. तिला एकदम भरून आलं, इतकं की ती पळायचं विसरली. खेळ चालू असताना, भर मैदानात, मान वळवून तिनं इतके दिवस घशात अडकलेलं बोलून टाकलं. "ईशे, तू होतीस म्हणून माझा पाय आहे गं."

"आधी तिला धर," ईश्वरी तिच्या जागेवरून ओरडली. तिचा स्वतःचाही आवाज फाटला होता. "मग काय रडायचं ते रड."

शरयूनं डोळे पुसले नाहीत. पुढची मुलगी हसत हसत तिची गंमत बघत उभी होती, तिला वाटलं ही आता पळणार नाही. शरयूनं डाव्या पायावर झोक दिला, दोन ढांगांत तिला गाठलं आणि खांद्यावर हात मारला. मग मैदानाच्या मधोमध उभी राहून ती मनसोक्त रडली, आणि मुलाणी मॅडमनी शिटी वाजवायची सोडून चष्मा पुसायला घेतला.